मोडायला मोकळं लिनक्स: सेलूतल्या एका लॅपटॉपवरची सरावाची जागा

माझी भाची परभणी जिल्ह्यातल्या सेलूत राहते. तिचं बी.एस्सी. झालंय आणि तिला सर्व्हर सांभाळण्याच्या कामात शिरायचंय. त्या कामाची सुरुवातच लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांड लाइनपासून, म्हणजे माउसऐवजी हुकूम टाइप करण्यापासून होते. कॉलेजात तिला लिनक्सचा एक पेपर होता. कमांडची नावं आणि अर्थ तिने पाठ केले, उत्तरपत्रिकेत लिहिले, मार्कही चांगले पडले. टर्मिनल उघडून स्वतःच्या हाताने एक फाइल इकडची तिकडे करायची वेळ मात्र कधी आली नव्हती. मी छत्रपती संभाजीनगरात सर्व्हरचंच काम करतो, त्यामुळे घरात तिच्यासाठी सरावाची जागा उभी करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. ती कशी उभारली, कोणते पर्याय का सोडले आणि पुढे काय घडलं, हे सविस्तर लिहितोय, कारण मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत परिस्थिती थोडीफार अशीच असते.

निवड करताना मी एकच गोष्ट धरून चाललो होतो. सरावाचं लिनक्स मोडलं तर ते पुन्हा उभं करायला किती वेळ जाईल, किती डेटा जाईल आणि घरात कोणाची बोलणी खावी लागतील? हे तिन्ही कमी असतील तर मुलगी बिनधास्त हात चालवेल. जास्त असतील तर ती चार सुरक्षित कमांडच्या पुढे जाणार नाही, मग मशीन कितीही भारी असो.

घरात काय होतं

लॅपटॉप एकच. पाचव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. तोही खरं तर तिच्या भावाचा. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. खतांची बिलं, स्टॉक, जीएसटीचे कागद, सगळं त्यात. दिवसा लॅपटॉप दुकानात आणि रात्री घरी. पेरणीच्या दिवसांत रात्रीसुद्धा त्याचीच बिलं चाललेली असतात.

बॅटरी नावापुरती उरली होती. चार्जर काढला की काही मिनिटांत बंद. पावसाळ्यात वारं सुटलं की लाइट जाते आणि डीपी जळाली तर कधी येईल याचा नेम नसतो. इंटरनेट म्हणजे फोनचा रोजचा दीड जीबीचा पॅक, हॉटस्पॉट करून लॅपटॉपला दिलेला. आणि शिकवणारा मी, म्हणजे फोनवर.

सोडलेले पर्याय

पहिला सल्ला सगळे देतात तो ड्युअल बूटचा. विंडोजच्या शेजारी डिस्कचा एक भाग कापायचा आणि त्यात लिनक्स टाकायचं. ज्याचा लॅपटॉप स्वतःचा आहे त्याला हे ठीक. इथे त्याच डिस्कवर दुकानाचा हिशेब होता आणि पार्टिशन कापताना एक चुकीचं बटण त्या हिशेबाला पुरेसं होतं. बॅकअप घेऊन हे करता आलं असतं, पण दुसरी अडचण उरतच होती. लिनक्समध्ये बसायचं तर विंडोज बंद करावं लागतं. मध्येच भाऊ म्हणाला, "ताई, एक बिल काढायचंय," की उठा. रोज असं उठावं लागलं की सराव आठवड्यात थांबतो.

पेनड्राइव्हवरून चालणारं लाइव्ह लिनक्स लिनक्स कसं दिसतं ते बघायला उत्तम आहे. पण स्वस्त पेनड्राइव्हवर ते रांगतं. शिवाय आतली डिस्क त्याला दिसते आणि तिच्यावर लिहिताही येतं, म्हणजे दुकानाचा हिशेब पुन्हा धोक्यात.

डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतलं लिनक्स, हा सगळ्यात सोपा मार्ग. एका कमांडने बसतो, रॅम बेताने घेतो. ज्यांचा लॅपटॉप स्वतःचा आहे आणि ज्यांना बॅशची, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या शेलची ओळख करून घ्यायची आहे, त्यांना मी आजही तोच सांगतो. इथे मात्र एक गोष्ट खटकली. डब्ल्यूएसएलमध्ये विंडोजचा सी ड्राइव्ह आपोआप '/एमएनटी/सी' या जागी जोडलेला असतो. तिथे आरएम, म्हणजे फाइल पुसायची कमांड, चालवली तर विंडोजमधली फाइल खरीच जाते, रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. शिकणाऱ्याला आपण कोणत्या डिरेक्टरीत उभे आहोत याचं भान यायला वेळ लागतो, आणि त्याच काळात त्याच्या हाताशी आरएम असतं. कॉन्फिगरेशनमध्ये ही जोडणी बंद करता येते. तरी मशीन बूट कसं होतं, डिस्क कशी जोडली जाते, बूट अडलं तर काय करायचं, हा भाग डब्ल्यूएसएलमध्ये नीट शिकता येत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला नेमकं तेच लागतं.

म्हणून व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आत एक वेगळं आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम घेतला आणि त्यात डेबियन हा लिनक्सचा प्रकार, तेही डेस्कटॉपशिवाय, नुसत्या काळ्या पडद्याचं. डेस्कटॉप टाकला असता तर ४ जीबीच्या मशीनवर विंडोज आणि तो दोघं मिळून घुसमटले असते. नुसतं टेक्स्टचं डेबियन रिकामं बसलं असताना फार तर दोनशे एमबी रॅम वापरतं. मी त्याला १ जीबी दिली. डिस्क १० जीबीची लावली, पण ती वाढती ठेवली, त्यामुळे प्रत्यक्षात सुरुवातीला दोनेक जीबीच जागा गेली.

हे लावलं तेव्हा डेबियन १२ चालू आवृत्ती होती, जून २०२३ मध्ये आलेली 'बुकवर्म'. ऑगस्ट २०२५ मध्ये १३ वी, 'ट्रिक्सी' आली. कमांड शिकण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक नगण्य आहे.

फाइल आणणं आणि बसवणं

डेबियनची एक छोटी फाइल मिळते, नेटइन्स्टॉल. ती एक जीबीच्या आतच असते, पण बसवताना उरलेला माल नेटवरून ओढते. पुन्हा बसवायचं झालं तर पुन्हा ओढणार. दुसरी असते पहिली डीव्हीडी, पावणेचार जीबीच्या आसपास. तिच्यात मूळ सिस्टिम तर असतेच, शिवाय लोक जास्तीत जास्त वापरतात ती पॅकेजेसही असतात. मोजका डेटा असणाऱ्या घराने ही मोठी फाइल घ्यावी असं माझं ठाम मत आहे. एकदाच त्रास होतो, मग इंटरनेट नसतानाही इन्स्टॉल होतं आणि व्हिम, गिट यांसारखी पॅकेजेस त्याच फाइलमधून बसवता येतात. व्हर्च्युअल मशीनच्या सीडी ड्राइव्हमध्ये ही फाइल घालून ठेवायची आणि 'ॲप्ट-सीडीरॉम ॲड' चालवून ॲप्टला, म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाला, तिचा पत्ता द्यायचा, एवढंच.

मी ती फाइल पेनड्राइव्हवर पाठवू शकलो असतो, पण तिने स्वतः उतरवायची ठरवली. विंडोज १० मध्ये कर्ल हे फाइल उतरवायचं साधन आता सोबतच येतं आणि त्याला '-सी -' हा पर्याय दिला की अर्धवट राहिलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे येते. रोज पॅकमध्ये उरेल तेवढं, असं करत ती पूर्ण झाली. मग 'सर्टयुटिल -हॅशफाइल' वापरून फाइलचा शा-२५६ आकडा, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढायला लावला आणि डेबियनच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवायला सांगितलं. चौसष्ट अक्षरांची ओळ तिने वहीत उतरवून एकेक अक्षर ताडून बघितली. तुकड्यातुकड्यांनी आलेल्या फाइलसाठी ही तपासणी टाळूच नये. एखादा तुकडा बिघडलेला असला तर इन्स्टॉल निम्म्यावर कुठेतरी अडतं आणि दोष कशाचा तेच कळत नाही.

पहिल्यांदा मशीन सुरूच झालं नाही. "मामा, हे काही केल्या चालू होईना. व्हीटी-एक्स म्हणून काहीतरी म्हणायलंय." प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय पुष्कळ लॅपटॉपांत बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, बंद केलेली असते. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ पासूनच्या आवृत्त्यांना ती लागतेच. बायोसमध्ये जाऊन ती चालू केली आणि काम झालं. याच्याच जवळची आणखी एक गोष्ट: विंडोजमध्ये हायपर-व्ही ही त्याची स्वतःची आभासी मशीनची सोय चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्स चालतो, पण संथ. खालच्या पट्टीत कासवाचं चित्र दिसलं की समजायचं. डब्ल्यूएसएल २ त्याच पायावर चालतं, म्हणून त्या मशीनवर डब्ल्यूएसएल २ आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही ठेवू नयेत.

बसवताना दोन ठिकाणी थांबून विचार करावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या ७ व्या आवृत्तीपासून तो स्वतःच सगळं इन्स्टॉल करून द्यायला पुढे येतो. ते नाकारून हाताने इन्स्टॉल करायचं, कारण प्रत्येक प्रश्न वाचणं हाच पहिला धडा आहे. दुसरं ठिकाण रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, पासवर्डचं. डेबियन तो विचारतं. रिकामा सोडला तर रूटचं खातं बंद राहतं आणि आपल्या खात्याला सुडोचा, म्हणजे गरजेपुरतं रूट होऊन कमांड चालवायचा, अधिकार मिळतो. पासवर्ड दिला तर आपलं खातं सुडोमध्ये येतच नाही आणि मग इंटरनेटवरची प्रत्येक सुडोवाली सूचना फसते. आम्ही रिकामा सोडला. त्याचा एक परिणाम पुढे दिसला, तो येईलच.

सॉफ्टवेअर निवडायच्या पानावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढल्या. एसएसएच सर्व्हर (दुसरीकडून टर्मिनलने आत यायची सोय) आणि नेहमीची सिस्टिम साधनं एवढंच ठेवलं. मॅन पानं, म्हणजे प्रत्येक कमांडची माहिती देणारी पानं, त्यातच येतात. लाइट असो-नसो, नेट असो-नसो, ती मशीनमध्येच असतात.

पहिलं लॉगिन झालं, मशीन बंद केलं आणि स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या अवस्थेची नोंद, घेतला. त्याचं नाव तिनेच ठेवलं, 'कोरी पाटी'. या क्षणापासून त्या लिनक्सचं काहीही झालं तरी मिनिटभरात ते पहिल्यासारखं करता येणार होतं, आणि विंडोजमधल्या बिलांना त्याचा वाराही लागणार नव्हता.

आधी मोडून बघ

कमांड शिकवायच्या आधी मी तिला मशीन उद्ध्वस्त करायला सांगितलं. सुडोने रूट व्हायचं आणि 'आरएम -आरएफ /' चालवायचं. तिचा हात चालेना. शेवटी चालवलं तर लिनक्सने नकार दिला. जीएनयूच्या आरएममध्ये मुळाशी, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेशी, हा अडसर बसवलेला आहे. मग रेघेपुढे एक तारा लावायला सांगितला. तारा आला की शेल आधी त्याचा विस्तार करतं आणि आरएमच्या हातात मुळाखालच्या सगळ्या डिरेक्टऱ्यांची नावं पडतात. नुसतं मूळ त्यात नसतं, म्हणून अडसरही लागू होत नाही. पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या.

"मामा, एलएस गेलं! पण सीडी चालतंय की. असं कसं?"

या एका प्रश्नासाठी एवढा खटाटोप सार्थकी लागला. डिरेक्टरीतली यादी दाखवणारी एलएस ही डिस्कवरची वेगळी फाइल आहे, ती पुसली गेली. सीडी (डिरेक्टरी बदलणं), इको (दिलेलं छापणं), पीडब्ल्यूडी (कुठे आहोत ते सांगणं) ही बॅशच्या पोटातच आहेत आणि बॅश मेमरीत अजून जिवंत आहे. मग एलएस नसताना डिरेक्टरीत काय उरलंय ते कसं बघायचं? इकोच्या पुढे तारा. तिने ते स्वतः शोधलं. शेलमधल्या आणि शेलबाहेरच्या कमांडमधला फरक मी तासभर बोलून इतका पक्का करू शकलो नसतो. मग 'कोरी पाटी'वर परत. त्या रात्रीनंतर तिची भीती गेली ती गेलीच.

खताच्या बॅगा आणि विसर्गाचं चिन्ह

सरावाला माल काय घ्यायचा हा प्रश्न लोक फार हलक्यात घेतात. 'टेस्ट-१', 'टेस्ट-२' अशा रिकाम्या फाइली बनवून कॉपी करत राहिलं तर दोन दिवसांत कंटाळा येतो. उत्तर चूक आलं तरी कळत नाही, कारण बरोबर उत्तर काय ते माहीतच नसतं. आम्ही दुकानाच्या विक्रीची यादी घेतली. गिऱ्हाइकांची नावं काढून टाकली. तारीख, खत, बॅगेचं वजन, बॅगा आणि गाव एवढे रकाने ठेवले. त्यात बेरीज चुकली तर भावाला एका नजरेत कळतं.

तिने '/ईटीसी/पासडब्ल्यूडी' ही फाइल बघितली होती, त्यात सात रकाने विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले असतात. तेच बघून तिनेही आपली यादी दोन टिंबांनी तोडली. कट या रकाने काढणाऱ्या कमांडने तिसरा रकाना मागितला तर युरियाच्या ओळींत ४५ आलं, डीएपीच्या ओळींत ५० आलं आणि काही ओळींत २६. खताचं नावच '१०:२६:२६' होतं. '२०:२०:०:१३' च्या ओळीत तर रकाने आणखी पुढे सरकले. रकाने तोडणारं चिन्ह मालात असता कामा नये, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकातलं वाक्य आहे, पण ते कळलं खताच्या बॅगेवरून. मग मोकळी जागा वापरून बघितली, तर 'सिंगल सुपर फॉस्फेट'चे तीन रकाने झाले. शेवटी टॅब. ऑक या रकान्यांवर हिशेब करणाऱ्या साधनाला '-एफ'ने टॅब सांगायचा आणि वजन गुणिले बॅगा यांची बेरीज करायची. युरियाची बॅग ४५ किलोची आणि डीएपीची ५०, त्यामुळे नुसत्या बॅगा मोजून टन निघत नाहीत. गुणाकार खरोखर लागतो, उगाच दिलेलं गणित नव्हतं ते.

दुसरी ठेच आकड्यांची लागली. फोनवर मराठी कीबोर्ड असल्याने काही ओळींत तिने देवनागरी आकडे टाकले होते. ऑकने त्या ओळींची बेरीज शून्य धरली आणि कुठलीही तक्रार केली नाही. आकड्यांनुसार क्रम लावणाऱ्या 'सॉर्ट -एन'चंही तसंच. या साधनांना इंग्रजी आकडेच आकडे वाटतात, बाकी सगळी अक्षरं. चूक झाली आणि मशीन गप्प राहिलं, हा प्रकार तिने पहिल्यांदा बघितला. सर्व्हरच्या कामात तो रोज भेटतो.

मराठी अक्षरांचाही एक धडा यातूनच निघाला. डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडने 'परभणी' हा शब्द मोजला. '-एम' दिलं तर पाच चिन्हं, '-सी' दिलं तर पंधरा बाइट. ओळ संपल्याची खूण प्रत्येकी एक जास्त. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमवर २५५ बाइटच्या मर्यादेत फाइलचं मराठी नाव ८५ चिन्हांपर्यंतच जातं. व्हर्च्युअल मशीनच्या मूळ काळ्या पडद्यावर मात्र देवनागरी उमटतच नाही. तिथे मोजक्याच अक्षराकृती मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय नसते. त्यासाठी विंडोजच्या टर्मिनलमधून एसएसएचने आत जायचं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये २२२२ हे पोर्ट आतल्या २२ ला जोडून दिलं की झालं. मात्रा जराशा सरकतात, पण वाचता येतं.

तारखांचा सराव घेताना मी तिला मराठवाडा मुक्तिसंग्रामाची तारीख दिली, १७ सप्टेंबर १९४८. डेट या कमांडने वार सांगितला शुक्रवार. मग त्याच तारखेचे सेकंद मागितले तर उत्तर उणे आलं. युनिक्सची वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजली जाते, त्याआधीचं सगळं शून्याच्या मागे. हे तिला फार आवडलं. नंतर आजीच्या जन्माचे सेकंदही काढून झाले.

एफएसटॅबची रात्र

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका चुकीच्या ओळीने. तिला दुसरी, २ जीबीची व्हर्च्युअल डिस्क जोडायला दिली होती. पार्टिशन केलं, ईएक्सटी-४ केली, माउंट झाली, म्हणजे जोडली गेली. मग बूट होताना ती आपोआप जोडली जावी म्हणून '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये ओळ लिहिली. डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, टाइप करताना एक अक्षर चुकलं. रीबूट केल्यावर मशीन त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघत राहिलं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. तिथेही आत घेईना: रूटचं खातं बंद आहे, कन्सोल देता येत नाही. एंटर दाबलं की पुन्हा तेच.

रूटचा पासवर्ड रिकामा सोडल्याचा परिणाम तो हाच. इमर्जन्सी मोडला रूटचा पासवर्ड हवा असतो आणि रूट तर बंद.

स्नॅपशॉटवर परत जाणं सोपं होतं. मी तिला थांबवलं. खऱ्या सर्व्हरवर 'कोरी पाटी' नसते. ग्रबच्या, म्हणजे बूट सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत उभं राहून 'ई' दाबायचं, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडायचं आणि कंट्रोल-एक्स. बाकी सगळं सुरू करणारं सिस्टिमडी उठतच नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, थेट बॅश हातात देतो. पण मूळ फाइल सिस्टिम तेव्हा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, म्हणून नॅनो या एडिटरने फाइल उघडते आणि जतन होत नाही. इथे ती बराच वेळ अडली. मी उत्तर सांगितलं नाही, 'माउंट' नुसतं चालवून कंसातली अक्षरं वाचायला सांगितली. 'आरओ' दिसलं. तिथून मॅन पान उघडून 'रीमाउंट, आरडब्ल्यू' तिनेच काढलं. ओळ दुरुस्त केली, सिंक केलं, सक्तीने रीबूट केलं आणि लॉगिन आलं. फोनवर मागून तिच्या आईचा आवाज येत होता, "आता तरी जेव गं."

नंतर तीच ओळ पुन्हा चुकीची लिहून, पण 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) जोडून, तिने बूट करून बघितलं. मशीन निमूट वर आलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

अशा मोडतोडीची यादी मग वाढत गेली. चमॉड या अधिकार बदलणाऱ्या कमांडचाच चालवण्याचा अधिकार काढून घेणं हा त्यातला माझा आवडता. चमॉडशिवाय चमॉडला अधिकार परत कसा द्यायचा? तिला सुचलेला मार्ग असा: एलएसची प्रत काढायची, प्रतीला चालवण्याचा अधिकार आपोआप येतो, मग त्या प्रतीच्या आत कॅटने चमॉडचा मजकूर ओतायचा आणि तीच चालवायची. अधिकार मजकुराला नसतो, फाइलला असतो, हे तिला त्या दिवशी समजलं. मोठी फाइल एका प्रोग्रॅममध्ये उघडी असताना पुसायची आणि डीएफ या डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये जागा मोकळी का होत नाही ते शोधायचं, हाही चांगला सराव आहे.

लाइट, अंतर आणि फोन

लाइट जाण्यावर खरा इलाज बॅटरीचाच होता. भावाने पुढे ती बदलून घेतली, दुकानालाही हवीच होती. तोवर ढग भरून आले की मशीनची अवस्था जतन करून बंद करायची सवय तिने लावून घेतली. तरी काही वेळा चालू मशीन धाडकन बंद पडलं. ईएक्सटी-४ जर्नल, म्हणजे बदलांची आधी केलेली नोंद, ठेवतं, त्यामुळे प्रत्येक वेळी ते वर आलं, शेवटच्या क्षणी लिहिलेलं तेवढं गेलं. बूट होताना जर्नल परत चालवल्याची ओळ दिसते, ती तिने सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल'मध्ये शोधून काढली. पूर्ण मशीनची एक निर्यात केलेली प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवली आहे. लॅपटॉपच बिघडला तर स्नॅपशॉट काय कामाचा?

मी लांब असल्याने तिचं काम बघायला 'स्क्रिप्ट' ही कमांड वापरली. ती सुरू केली की पडद्यावरचं सगळं एका फाइलमध्ये उतरतं, अडखळणं आणि खोडलेलंही. ती फाइल ती व्हॉट्सॲपवर पाठवते. 'कॉल -बी' या कमांडमधून गाळली की बरीचशी वाचनीय होते. यात उत्तरापेक्षा वाट दिसते: ग्रेपने शब्द शोधायच्या आधी तिने फाइल लेसने (पान-पान वाचायची कमांड) उघडून बघितली का, की अंदाजाने तीनदा वेगवेगळे पर्याय लावून बघितले? मी फोनवर तेवढंच बोलतो.

फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप टाकून झालं. लिहायला बोटं अडतात आणि ते पूर्ण लिनक्सही नाही, रूट नाही, सिस्टिमडी नाही. एका गोष्टीला मात्र फार उपयोगी पडलं. टर्मक्सचा एसएसएच सर्व्हर ८०२२ पोर्टवर ऐकतो. लॅपटॉप फोनच्याच हॉटस्पॉटवर असल्याने डेबियनमधून फोनमध्ये एसएसएच करता येतं. एसएसएचच्या किल्ल्या बनवणं, एससीपी आणि आरसिंकने फाइली पाठवणं, सगळं डेटा खर्च न होता झालं. घरात दुसरं मशीन नसतानाही दोन मशीनचा सराव मिळाला.

मॅन पानांचं इंग्रजी तिला सुरुवातीला जड गेलं. सगळं वाचायचं नाही, आधी शेवटची उदाहरणं बघायची आणि मग हव्या त्या पर्यायाचा परिच्छेद तिरक्या रेघेने शोधायचा, असं ठरवलं. प्रत्येक कमांडपुढे वहीत तिने स्वतःच्या मराठीत एक ओळ लिहिली आहे. मला त्या वहीचं मोल कोणत्याही छापील चिटशीटपेक्षा जास्त वाटतं.

आत्ता कुठे आहे

विक्रीच्या यादीवरून गावनिहाय आणि खतनिहाय टन काढणारी बॅश स्क्रिप्ट तिने लिहिली आहे, आणि भाऊ मोंढ्यात माल भरायला जायच्या आधी तो आकडा मागून घेतो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये लावून ती रोज चालवायचा प्रयत्न मात्र फसला, कारण त्या वेळी मशीन चालूच नसतं. अॅनाक्रॉन त्यासाठीच आहे, ते ती आता बघते आहे.

पुढचा टप्पा रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेचा. ती पूर्ण प्रत्यक्ष कामाची असते, ३०० पैकी २१० गुण लागतात. त्यासाठी त्या घराण्याचं लिनक्स लागेल. रेड हॅटचं डेव्हलपर सदस्यत्व एका व्यक्तीला १६ मशीनपर्यंत फुकट मिळतं, किंवा त्याच घराण्यातलं आल्मालिनक्स घेता येईल. ॲप्टऐवजी डीएनएफ आणि वर एसईलिनक्स ही सुरक्षेची जादा व्यवस्था, एवढं नवीन. अडचण रॅमची आहे. ते इन्स्टॉल करताना १ जीबी पुरत नाही आणि नेटवर्कच्या सरावाला दोन मशीन एकाच वेळी चालू हवीत. ४ जीबीत ते बसणार नाही. लॅपटॉपमध्ये रॅमची एक जागा मोकळी आहे. ४ जीबीची आणखी एक पट्टी घालायला भाऊ तयार आहे, सोयाबीनचे पैसे आले की.